साल्सा-बचाटासाठी स्नीकर्स घेताना आधी बूट उलटा करून पाहा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. आठ महिन्यांपासून तुम्ही साल्सा आणि बचाटा हे जोडीने नाचायचे लॅटिन नाच शिकत आहात, आठवड्यातून एकदा सोशलला (म्हणजे सगळ्यांनी जमून मोकळेपणाने नाचायच्या संध्याकाळी) जाता आणि मुख्यतः फॉलोअर म्हणून, म्हणजे जोडीतल्या लीडरच्या इशाऱ्यांनुसार, नाचता. उंच टाचेचे बूट तुम्हाला मानवत नाहीत, म्हणून धावण्याचे बूट घालून जाता, आणि तीन तास नाचून घरी आल्यावर उजव्या गुडघ्याच्या आतल्या बाजूला दुखते. अशा वेळी कोणते स्नीकर्स घ्यावेत, खास नाचासाठी बनवलेलेच हवेत की साधे चालतील, असलेल्या बुटांना स्वेडचा (मऊ, तंतुमय पृष्ठभागाच्या कातड्याचा) तळ लावून घेता येईल का, आणि नवे बूट येईपर्यंत या आठवड्यातल्या सोशलला जावे का, असे तुम्ही विचारले आहे. मी सोळा वर्षांपासून हे नाच शिकवते आणि स्वतः बहुतेक सोशल स्नीकर्सवरच नाचते, त्यामुळे उत्तर जरा सविस्तर देते.

तुमचे दुखणे आणि तुमची खरेदी या दोहोंच्या मुळाशी मला एकच गोष्ट दिसते: गिरकी घेताना बुटाचा तळ फरशीवर फिरतो, की तिला चिकटून बसतो. घोट्याचा सांधा पाऊल वर-खाली हलवण्यासाठी आहे. उभ्या अक्षाभोवती तो फारसा वळत नाही. गुडघा मुख्यतः बिजागरीसारखा दुमडतो. थोडा वाकलेला असताना तो काही अंशी वळू शकतो, पूर्ण सरळ असताना जवळजवळ नाहीच. खांदे, कंबर आणि मांडी वळली आणि पाऊल मात्र जागच्या जागी राहिले, तर मधला सगळा पीळ गुडघ्याला सोसावा लागतो. पाऊल जमिनीत रोवलेले असताना शरीर वळणे हे मेनिस्कस नावाच्या कूर्चेच्या चकतीला आणि गुडघ्यातील अस्थिबंधांना इजा होण्याचे परिचित कारण आहे.

असे एखाद्या वेळी झाले तर शरीर ते निभावून नेते, पण सोशलमध्ये ते किती वेळा होते याचा हिशेब करून पाहा. मिनिटाला १८० ठोक्यांचे, चार मिनिटांचे साल्साचे गाणे धरले तर त्यात ७२० ठोके होतात. आठ ठोक्यांच्या एका आवर्तनात सहा पावले पडतात, म्हणजे एका गाण्यात ९० आवर्तने आणि ५४० पावले झाली. दर सहा आवर्तनांत एकच वळण येते असे अगदी हात राखून धरले, तरी एका गाण्यात १५ वळणे होतात आणि वीस गाण्यांच्या संध्याकाळी ३००. प्रत्येक वळणाला बुटाने थोडेसेच अडवले तरी ते तीनशे वेळा अडवते, आणि घरी जाताना जिना चढताना त्याची आठवण होते. (दुखणे आठवडाभर विश्रांती घेऊनही राहिले, गुडघा सुजला, किंवा मध्येच अडकल्यासारखा वाटला, तर बुटांचा विचार बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना दाखवा. मी पावले शिकवते, गुडघे तपासत नाही.)

यावरून जितका गुळगुळीत तळ तितका चांगला, असा निष्कर्ष काढण्याची घाई मात्र करू नका. ती मी करून चुकले आहे. शिकवायला लागले त्या काळात मी एका कॅनव्हासच्या जोडीला टाचेपासून अंगठ्यापर्यंत अखंड स्वेड चिकटवले आणि त्याच संध्याकाळी नुकत्याच पॉलिश केलेल्या लाकडी फरशीवर नाचायला गेले. गिरक्या सुरेख होत होत्या. तिसऱ्या गाण्यात मागे पाऊल टाकताना वजन टाचेवर गेले, टाच निसटली, आणि मी जोडीदाराचा हात धरूनच खाली बसले. गुडघा वाचला, पण मनगट पंधरा दिवस दुखत होते. आगीतून निघून फुफाट्यात पडण्याचा तो प्रकार होता. आपल्याला हवा असतो तो चवड्याखाली फिरणारा आणि पाऊल रेटताना धरून ठेवणारा बूट. या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध आहेत, आणि नाचाच्या बुटाची निवड म्हणजे या दोहोंतली तडजोड असते.

ती तडजोड नेमकी कुठे करायची, हे तुमची फरशी पाहिल्याशिवाय कोणी सांगितले तर ते उंटावरून शेळ्या हाकण्यासारखे होईल. तोच बूट पॉलिश केलेल्या लाकडावर निसटता, संगमरवरासारख्या गुळगुळीत दगडावर नेमका आणि काँक्रीटवर गोंद लावल्यासारखा वाटू शकतो. त्याच फरशीवर संध्याकाळी सातला आणि रात्री अकराला वेगळा अनुभव येतो, कारण मधल्या काळात तिच्यावर धूळ, घाम आणि सांडलेली पेये जमा होतात. नाचाचा प्रकारही महत्त्वाचा आहे. सरळ रेषेत नाचल्या जाणाऱ्या साल्सात, मग ती ‘ऑन वन’ (पहिल्या ठोक्यावर दिशा बदलणारी) असो की ‘ऑन टू’ (दुसऱ्या ठोक्यावर बदलणारी), फॉलोअरला लागोपाठ दोन-तीन गिरक्या घ्याव्या लागतात आणि तळाची फिरण्याची क्षमता तिथे सर्वांत आधी कसाला लागते. क्यूबन कॅसिनोमध्ये, म्हणजे साल्साच्या क्यूबातल्या प्रकारात, एकमेकांभोवती चालणे जास्त आणि जागेवरच्या गिरक्या कमी असतात, त्यामुळे थोडी अधिक पकड चालते. बचाटाचा वेग साल्सापेक्षा कमी असतो, चौथ्या आणि आठव्या ठोक्याला टॅप (वजन न टाकता पाऊल नुसते टेकवणे) येतो, आणि जवळच्या पकडीत नाचताना पावलाला फरशीचा स्पर्श कळणे गिरकीइतकेच मोलाचे ठरते. तुम्ही दोन्ही नाचता आणि फॉलोअर आहात, त्यामुळे तुमचा कल पकडीपेक्षा फिरण्याकडे थोडा जास्त असावा, असे मी म्हणेन.

आता दुकानात बूट हातात घेतल्यावर काय पाहायचे ते सांगते. बहुतेक जण बूट वरून पाहतात. तुम्ही तो उलटा करा. चवड्याखालचा भाग किती रुंद आहे, रबर किती मऊ आहे, आणि तळ सपाट टेकतो की पुढे किंचित उचललेला आहे, एवढे तीन मुद्दे तिथे दिसतात. रुंदीचे कारण साध्या भौतिकशास्त्रात आहे. गोल ठशावर वजन सारखे पसरले आहे असे धरले, तर त्या ठशाला जागेवर फिरवायला लागणारा जोर घर्षणाच्या, वजनाच्या आणि त्या ठशाच्या त्रिज्येच्या प्रमाणात वाढतो. तुमचे वजन आणि फरशी तीच राहिली, तरी टेकणारा ठसा दुप्पट रुंद झाला की पीळही दुप्पट लागतो. नाचाच्या स्नीकर्सना चवड्याखाली जी लहान, गुळगुळीत, गोल चकती दिलेली असते, तिचे मर्म हेच आहे. याउलट जाड, मऊ फोमचा तळ वजनाखाली दबून फरशीवर पसरतो, ठसा मोठा होतो आणि गिरकी अर्ध्यावर अडते.

रबराचा मऊपणा अंगठ्याच्या नखाने तपासता येतो. नख सहज रुतले आणि अंगठा घासल्यावर रबर चुरचुर आवाज करत अडले, तर ते रबर फरशीलाही असेच धरणार. इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे: नक्षी नसलेला सपाट तळ घसरतो आणि खोल नक्षीचा तळ पकडतो, असे लोक धरून चालतात. नक्षीचा उपयोग पाणी आणि माती बाजूला सारण्यासाठी असतो. कोरड्या, स्वच्छ फरशीवर मऊ रबराचा सपाट तळ उलट जास्त चिकटतो, कारण त्याचा जास्त भाग टेकतो. म्हणून केवळ ‘सपाट आहे’ एवढ्यावर समाधान मानू नका. सपाट आणि कडक, असा तळ शोधा.

यानंतर बूट पायात घालून ज्या चाचणीवर मी सर्वांत जास्त विसंबते, ती करा. गुडघे किंचित सैल ठेवा, सगळे वजन एका पायाच्या चवड्यावर घ्या, टाच कागदभर उचला आणि दुसऱ्या पायाने हलकेच रेटा देऊन पाव वळण घ्या. गुडघा आणि बुटाचे टोक एकाच वेळी, एकाच दिशेला पोहोचले पाहिजेत. गुडघा आधी पोहोचला आणि बूट मागून ओढल्यासारखा आला, तर तो बूट तुमच्यासाठी नाही, मग तो कितीही आरामदायक असो. पाव वळण जमले तर अर्धे घ्या. त्यानंतर उलट बाजू तपासा: साल्साच्या मूळ पावलाप्रमाणे मागे पाऊल टाका आणि त्यावरून जोरात पुढे या. या रेट्यात तळ निसटला, तर तो गरजेपेक्षा जास्त गुळगुळीत आहे. दुकानातली फरशी तुमच्या हॉलसारखी नसणार, हे खरे आहे; तरी शेजारी शेजारी दोन-तीन जोड्या घालून पाहिल्या की त्यांच्यातला फरक कळतो, आणि तुलनेसाठी तुमचा रोजचा बूट सोबत असला तर उत्तमच.

तुमचे सध्याचे धावण्याचे बूट या चाचणीत नापास होतील, याची मला जवळजवळ खात्री आहे. ते वाईट नसतात. त्यांची घडण समोरच्या दिशेने जाण्यासाठी केलेली असते. त्यांच्या टाचेखाली जाड फोम असतो, टाच चवड्यापेक्षा बऱ्याचदा ८ ते १२ मिलिमीटर उंच असते आणि तळाची कड बाहेर पसरलेली असते. बाजूला पाऊल टाकताना त्या उंच, मऊ थरावर घोटा डुलतो, आणि पसरलेली कड जोडीदाराच्या पावलावर पडते. (जवळच्या पकडीतल्या बचाटात ही कड किती त्रासदायक होते, हे तुमचे लीडर सभ्यपणामुळे सांगत नसतील.) बास्केटबॉलचे बूट बाजूच्या हालचालींसाठी चांगले असतात, पण पकड हाच त्यांचा धर्म असल्यामुळे नाचात ते नको वाटतात. स्केटबोर्डचे बूट सपाट आणि स्थिर असतात. त्यांचे रबर मात्र फळीला चिकटून राहण्यासाठीच केलेले असते. पातळ तळाचे साधे कॅनव्हासचे बूट वर्ष-दीड वर्ष वापरून तळ झिजला आणि रबर कडक झाले की आश्चर्य वाटावे इतके छान फिरतात. माझ्या वर्गातल्या एका मुलाची सगळ्यात आवडती जोडी अशीच जुनी आहे. तिच्या तळाला अंगठ्याच्या मुळाखाली नाण्याएवढा गुळगुळीत डाग पडला आहे, आणि तो नेमका त्याच जागेवर गिरकी घेतो. नवे असताना हेच बूट त्याला दोन तासांत थकवत असत.

खास नाचासाठी बनवलेल्या स्नीकर्सकडे आता येऊ. त्यांचे ढोबळ दोन प्रकार बाजारात दिसतात. पहिल्यात तळ दोन तुकड्यांत विभागलेला असतो, चवड्याखाली एक आणि टाचेखाली एक, मध्ये नुसते कापड किंवा कातडे. पाऊल सहज वाकते, चवड्याखालची चकती गिरकीला मदत करते आणि टाचेचे रबर ब्रेकचे काम करते. रचनेच्या दृष्टीने साल्साला हा प्रकार फार सोयीचा आहे. त्याची उणीव अशी की पावलाच्या कमानीला खालून आधार मिळत नाही. ज्यांचे तळवे सपाट आहेत किंवा ज्यांना काँक्रीटवर तासन्तास उभे राहावे लागते, त्यांची पावले अशा बुटांत लवकर थकतात. वेगळी आतली गादी घालून थोडा फरक पडतो, पण तिच्यासाठी बुटात जागा असली पाहिजे. दुसरा प्रकार व्यायामाच्या नाचवर्गांसाठी केलेला असतो: तळ अखंड, गादी जाड, चकती असते पण बूट उंच. उड्या मारण्यासाठी तो चांगला आहे, जोडीने नाचताना मात्र मला त्यात फरशी पायाला लागत नाही. तुमच्यासारख्या आठवड्यातून एकदा सोशलला जाणाऱ्या आणि पावलांची काही तक्रार नसलेल्या व्यक्तीला मी पहिल्या प्रकारची जोडी सुचवेन. पण नाच अजून किती दिवस चालू राहील हे ठरले नसेल, तर पातळ, कडक तळाचे साधे स्नीकर्स घेऊन त्यांना चवड्याखाली स्वेड लावणे हा तितकाच सन्मान्य मार्ग आहे.

स्वेडबद्दल तुम्ही विचारलेच आहे. त्याआधी एक स्वस्त प्रयोग करा: बुटावरून, चवड्याच्या भागावर ओढून घालायचे लवचीक कापडी पट्टे मिळतात. जुन्या, जाडसर मोज्याचा मधला भाग कापूनही असा पट्टा तयार होतो. एक संध्याकाळ त्यावर नाचून पाहा. गुडघ्याचे दुखणे त्या दिवशी कमी झाले, तर दोष तळाच्या पकडीत होता हे कळते आणि पुढचा खर्च डोळसपणे करता येतो. चिकटपट्टी तळाला लावण्याची युक्तीही लोक वापरतात. तिच्या कडा तासाभरात सुटतात आणि फरशीवर गोंद राहतो, त्यामुळे हॉलचे लोक वैतागतात. फरशीवर पावडर टाकणे तर कधीही करू नये, कारण ती तुमच्या बुटापुरती राहत नाही आणि शेजारची जोडी विनाकारण पडते.

स्वेड कायमचे लावायचे ठरले, तर खोल नक्षीचे आणि जाड फोमचे बूट त्यासाठी निवडू नका. नक्षीच्या उंचवट्यांवर कातडे नीट चिकटत नाही आणि मऊ फोम वाकताना कडा उचकटतात. सपाट तळ खरखरीत कागदाने घासून, पुसून, पूर्ण कोरडा करून, बूटकामाचा डिंक दोन्ही पृष्ठभागांना लावून, तो हाताला चिकटेनासा होईपर्यंत थांबून मग स्वेड त्यावर दाबायचे असते. हे काम बूट दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडून करून घेतले तर जास्त टिकते. त्याला एकच गोष्ट ठासून सांगा: स्वेड फक्त चवड्याखाली लावायचे, टाचेचे रबर तसेच ठेवायचे. माझ्या मनगटाने शिकवलेला धडा हाच आहे. कातड्याची जाडी पुढेच वाढल्यामुळे टाच तेवढी खाली जाते, म्हणून पातळ कातडे घ्या. असे बूट रस्त्यावर घालायचे नाहीत आणि ओल्या फरशीवर न्यायचे नाहीत. काही आठवड्यांनी स्वेडचे तंतू दबून तळ चकाकू लागतो. तेव्हा तारेच्या लहान ब्रशने हलक्या हाताने घासले की ते पुन्हा उभे राहतात.

मापाबद्दल थोडक्यात. बूट संध्याकाळी घ्यायला जा, कारण दिवसभरात पावले किंचित सुजतात, आणि नाचताना घालणार तेच मोजे सोबत न्या. बोटे पसरायला जागा हवी, पण टाच आत मुळीच हलता कामा नये. गिरकीत बूट फिरला आणि पाऊल त्याच्या आत मागे राहिले, तर तळ कितीही चांगला असून उपयोग नाही. टाच उचलत असेल, तर सर्वांत वरच्या दोन छिद्रांतून त्याच बाजूला लेसचा फास करून समोरची लेस त्यातून ओढा. घोटा छान जखडला जातो. बूट चवड्यापाशी वाकला पाहिजे, कमानीपाशी दुमडता कामा नये. पुढचा भाग निव्वळ जाळीचा असेल तर गर्दीच्या सोशलमध्ये कोणाची तरी टाच एक दिवस तुमच्या अंगठ्यावर पडणारच, एवढे लक्षात असू द्या.

कपाटात बरीच वर्षे पडून असलेले स्नीकर्स ‘नवेच आहेत’ म्हणून सोशलला नेऊ नका. काही बुटांच्या मधल्या थरातले पॉलियुरेथेन हवेतल्या ओलाव्याने, न वापरताही, हळूहळू कुजते. माझी अशी एक जोडी चालू गाण्यात सुटली होती: आधी टाच बसल्यासारखी वाटली, मग फरशीवर काळे तुकडे दिसले, आणि उरलेली रात्र मी खुर्चीत बसून काढली.

नवे बूट येईपर्यंत या आठवड्यातल्या सोशलचे काय, हा तुमचा शेवटचा प्रश्न राहतो. जायला हरकत नाही, पण कापडी पट्टा लावून जा, बचाटाची गाणी जास्त घ्या, आणि साल्सात लीडरला सुरुवातीलाच सांगा की आज एका वेळी एकच गिरकी. ती घेताना टाच उचलून वजन पूर्ण चवड्यावर आल्यावरच वळा. घाईत अर्धे वजन टाचेवर असताना वळण्याची सवय नवशिक्यांना असतेच, आणि ती असली की चांगला बूटही अडतो. नवी जोडी आल्यावर पहिल्या दिवशी दोन-चार गाण्यांपुरतीच वापरा आणि जुनी जोडी पिशवीत ठेवा, कारण एकदम सैल फिरणाऱ्या तळावर सुरुवातीला प्रत्येक गिरकी गरजेपेक्षा थोडी पुढे जाते.